जॉन स्कॉट हॉल्डेन

जॉन स्कॉट हॉल्डेन (२ मे, इ.स. १८६० - मार्च, इ.स. १९३६) हे स्कॉटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. खाणी, विहिरी, भुयारी गटारे, रेल्वेचे बोगदे, पाणबुड्यांचे काम अशा बंदिस्त जागांतील हवा आणि तिचा मानवी श्वसनावर होणारा परिणाम हा त्यांच्या आयुष्यभराच्या संशोधनाचा विषय होता. कोळशाच्या खाणीतील स्फोटानंतर होणारे बहुसंख्य मृत्यू कार्बन मोनॉक्साइड या वायूमुळे होतात, हे त्यांनी सिद्ध केले. खाणीत विषारी वायूची पूर्वसूचना मिळावी म्हणून उंदीर किंवा लहान पक्षी सोबत नेण्याची शिफारसही त्यांचीच होती. श्वासाचा वेग रक्तातील कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावर ठरतो, हा शरीरक्रियाविज्ञानातील पायाभूत शोध त्यांच्या आणि जॉन गिलीज प्रीस्टली यांच्या नावावर आहे.

जनुकशास्त्रज्ञ जे.बी.एस. हॉल्डेन हे त्यांचे पुत्र होत. पिता-पुत्रांच्या नावांतील साम्यामुळे दोघांच्या कार्यात अनेकदा गल्लत होते.

बालपण आणि शिक्षण

हॉल्डेन यांचा जन्म स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे एका सधन व सुशिक्षित कुटुंबात झाला. रॉबर्ट हॉल्डेन हे त्यांचे वडील. आई मेरी एलिझाबेथ या बर्डन-सँडरसन घराण्यातील होत्या. मामा जॉन बर्डन-सँडरसन हे त्या काळातील नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. थोरले बंधू रिचर्ड बर्डन हॉल्डेन पुढे ब्रिटनचे युद्धमंत्री व लॉर्ड चॅन्सेलर झाले, तर भगिनी एलिझाबेथ हॉल्डेन लेखिका आणि समाजकार्यकर्त्या म्हणून प्रसिद्ध होत्या.

हॉल्डेन यांचे शालेय शिक्षण एडिंबरा अकादमीत झाले. एडिंबरा विद्यापीठातून त्यांनी इ.स. १८८४ मध्ये वैद्यकीय पदवी मिळवली. जर्मनीतील येना विद्यापीठातही त्यांनी काही काळ अध्ययन केले. वैद्यक शिकूनही त्यांनी दवाखाना थाटला नाही. तत्त्वज्ञानाची ओढ त्यांना विद्यार्थिदशेपासून होती आणि ती अखेरपर्यंत टिकली.

डंडीतील घरे, शाळा व गटारे

पदवीनंतर हॉल्डेन डंडी येथील युनिव्हर्सिटी कॉलेजात रुजू झाले. तेथे रसायनशास्त्रज्ञ थॉमस कार्नेली यांच्यासह त्यांनी शहरातील घरे व शाळांच्या हवेची तपासणी केली. गरिबांच्या एका खोलीच्या घरांत रात्री सर्व कुटुंब झोपलेले असताना हवेचे नमुने घेण्यात आले. हवेतील कार्बन डायऑक्साइड, सेंद्रिय द्रव्ये आणि सूक्ष्मजंतू मोजून त्यांची तुलना मोठ्या घरांतील हवेशी करण्यात आली. हा अभ्यास इ.स. १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला.

याच काळात दोघांनी भुयारी गटारांतील हवाही तपासली. गटारातील दुर्गंधीयुक्त हवेतून रोग पसरतात, अशी तेव्हा सर्वसाधारण समजूत होती. प्रत्यक्ष मोजणीत गटारांतील हवेत सूक्ष्मजंतूंचे प्रमाण अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी आढळले. वायुवीजनाची सोय नसलेल्या काही शाळाखोल्यांची हवा गटाराच्या हवेपेक्षाही वाईट निघाली. हवा कशी आहे हे वासावरून नव्हे, तर मोजणीवरून ठरवावे, ही हॉल्डेन यांच्या कामाची दिशा येथे निश्चित झाली.

इ.स. १८८७ मध्ये ते ऑक्सफर्डला गेले. त्यांचे मामा तेथे शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक होते. पुढील आयुष्य त्यांनी प्रामुख्याने ऑक्सफर्डमध्ये घालवले. तेथील आपल्या घरात त्यांनी प्रयोगशाळा थाटली होती. त्या घराच्या जागेवर आज वुल्फसन कॉलेज उभे आहे.

विहिरी व खाणींतील गुदमरविणारा वायू

खाणकामगारांच्या बोलीत भूगर्भातील घातक वायूंना वेगवेगळी नावे होती. स्फोटक मिथेनला फायरडॅम्प, स्फोटानंतर उरणाऱ्या वायुमिश्रणाला आफ्टरडॅम्प आणि दिवा विझवून माणसाला गुदमरविणाऱ्या वायूला ब्लॅकडॅम्प म्हणत. ब्लॅकडॅम्प म्हणजे केवळ कार्बन डायऑक्साइड, असा समज रूढ होता. हॉल्डेन यांनी खाणींतून नमुने आणून त्यांचे पृथक्करण केले. त्यात नायट्रोजनचा वाटा सर्वाधिक आणि कार्बन डायऑक्साइडचा त्यामानाने कमी असल्याचे त्यांना आढळले. कोळसा व खडकातील लोहयुक्त खनिजे हवेतील ऑक्सिजन शोषून घेतात आणि मागे उरलेली निःसत्त्व हवा पोकळ्यांत साचते, असा त्याचा अर्थ होता.

विहिरींत आढळणाऱ्या गुदमरविणाऱ्या वायूचाही त्यांनी अभ्यास केला. असा वायू विहिरीच्या तळाशीच तयार होतो असे नाही. तो सभोवतालच्या जमिनीच्या व खडकाच्या भेगांत साठलेला असतो. वातावरणाचा दाब घटला की तो भेगांतून विहिरीत उतरतो, आणि दाब वाढला की वरची ताजी हवा भेगांत शिरते. त्यामुळे एका दिवशी निर्धोक असलेली विहीर दुसऱ्या दिवशी प्राणघातक ठरू शकते. काल माणूस सुखरूप उतरून आला, हा आजच्या सुरक्षिततेचा पुरावा होऊ शकत नाही, हा या निष्कर्षाचा व्यावहारिक आशय होता.

ईस्ट हॅम दुर्घटना

१ जुलै, इ.स. १८९५ रोजी लंडनच्या पूर्वेकडील ईस्ट हॅम येथे सांडपाणी उपसा केंद्रात एक कामगार खाली बेशुद्ध पडला. त्याला वाचविण्यासाठी एकामागून एक चार सहकारी उतरले. पाचही जण मरण पावले. साथीदाराला वाचविताना प्राण गमावलेल्या चौघांची नावे लंडनच्या पोस्टमन्स पार्कमधील स्मारकावर कोरलेली आहेत.

हॉल्डेन यांनी या घटनेची चौकशी केली आणि मृत्यूचे कारण हायड्रोजन सल्फाइड असल्याचे दाखवले. कुजक्या अंड्यासारखा वास असलेला हा वायू सांडपाण्याच्या गाळात साचतो आणि गाळ ढवळला गेला की एकदम मुक्त होतो. त्याचे प्रमाण अधिक असेल तर घ्राणेंद्रिय बधिर होते. वास येणे थांबल्यामुळे धोका टळल्याचा भास होतो, प्रत्यक्षात तो वाढलेला असतो. पहिल्या बळीमागोमाग वाचवणाऱ्यांचेही प्राण जाणे, हे बंदिस्त जागांतील अपघातांचे लक्षण ईस्ट हॅम येथे ठळकपणे दिसून आले.

कार्बन मोनॉक्साइडवरील संशोधन

इ.स. १८९५ मध्ये हॉल्डेन यांनी कार्बन मोनॉक्साइडचे प्रयोग स्वतःवर केले. मोजलेल्या प्रमाणात हा वायू हुंगून ते ठरावीक वेळाने आपल्या रक्ताची तपासणी करीत आणि लक्षणांची नोंद ठेवीत. रक्तातील निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन या वायूने व्यापेपर्यंत त्यांनी प्रयोग लांबवला. दृष्टी मंद होणे, पाय लटपटणे, विचारांत गोंधळ होणे अशी लक्षणे त्यांनी नोंदवली. या अवस्थेत माणसाला आपली अवस्था गंभीर आहे याची जाणीवच राहत नाही, ही त्यांतील सर्वांत महत्त्वाची बाब होती.

कार्बन मोनॉक्साइडला रंग किंवा वास नसतो. हिमोग्लोबिनशी संयोग पावण्याची त्याची क्षमता ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक असल्याने हवेतील अत्यल्प प्रमाणही रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची शक्ती हिरावून घेते. उच्च दाबाच्या ऑक्सिजनमध्ये ठेवलेले उंदीर कार्बन मोनॉक्साइड असूनही जगतात, हेही हॉल्डेन यांनी दाखवले. या विषबाधेवर दाबयुक्त ऑक्सिजनने उपचार करण्याच्या आधुनिक पद्धतीचे मूळ या प्रयोगात आहे.

२७ जानेवारी, इ.स. १८९६ रोजी वेल्समधील टायलर्सटाउन येथील कोळसा खाणीत स्फोट होऊन ५७ कामगार दगावले. हॉल्डेन यांनी तेथे जाऊन मृतांची व खाणीतील हवेची पाहणी केली. बहुतेक कामगार स्फोटाच्या आघाताने किंवा आगीने मेलेले नव्हते. त्यांच्या त्वचेवर व रक्तात कार्बन मोनॉक्साइडमुळे येणारी गुलाबी लाली होती. स्फोटातून वाचलेले लोक नंतर पसरलेल्या आफ्टरडॅम्पने मेले होते. म्हणजेच योग्य साधने व ज्ञान असते, तर त्यांतील काही जण वाचू शकले असते. त्याच वर्षी त्यांचा कोळसा खाणींतील स्फोट व आगींत होणाऱ्या मृत्यूंच्या कारणांवरील अहवाल सरकारला सादर झाला.

खाणीतील पक्षी

लहान प्राण्यांच्या शरीरात चयापचयाचा व श्वसनाचा वेग अधिक असतो. त्यामुळे कार्बन मोनॉक्साइडचा परिणाम माणसाच्या कितीतरी आधी त्यांच्यावर दिसतो. या तत्त्वावर हॉल्डेन यांनी खाणीत उतरणाऱ्या बचाव पथकाने उंदीर किंवा छोटा पक्षी सोबत ठेवावा, अशी शिफारस केली. उंदीर एरवीही निपचित बसतो. पक्षी मात्र दांडीवरून खाली पडतो, त्यामुळे पिंजऱ्यातील कॅनरी पक्षी अधिक सोयीचा ठरला. ब्रिटिश खाणींत ही पद्धत इ.स. १९८६ पर्यंत चालू होती. त्यानंतर तिची जागा इलेक्ट्रॉनिक वायुमापकांनी घेतली.

सुरक्षा दिव्याची ज्योत ऑक्सिजनच्या कमतरतेची सूचना देत असे. हवेतील ऑक्सिजनचे नेहमीचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते. ते सुमारे १७ टक्क्यांपर्यंत घसरले की मेणबत्ती किंवा तेलाचा दिवा विझतो. कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक प्रमाणात असूनही ज्योत मात्र जळत राहू शकते. दिवा आणि पक्षी ही एकमेकांना पूरक साधने होती, ती याच कारणाने.

भुयारी रेल्वे, उष्णता आणि खाणकामगारांचे रोग

लंडनची मेट्रोपॉलिटन भुयारी रेल्वे तेव्हा वाफेच्या इंजिनांवर चाले. तिच्या बोगद्यांतील धुराविषयी इ.स. १८९७ मध्ये नेमलेल्या समितीत हॉल्डेन होते. चालत्या गाडीतून बाटल्यांमध्ये हवेचे नमुने गोळा करून त्यांनी त्यांतील कार्बन मोनॉक्साइड व इतर वायू मोजले. पुढे काही वर्षांत हा मार्ग विजेवर चालू लागला.

कॉर्नवॉलमधील डॉलकॉथ या कथिलाच्या खाणीत कामगारांना होणारा पंडुरोग अंकुशकृमींमुळे होतो, हे त्यांनी इ.स. १९०२ च्या सुमारास शोधले. तेथील कामगारांच्या फुप्फुसविकाराचा संबंध त्यांनी खडक फोडताना उडणाऱ्या धुळीशी जोडला आणि धूळ पाण्याने दाबण्याची शिफारस केली. उष्ण व दमट खाणीत माणूस किती काम करू शकतो हे साध्या तापमापकावरून नव्हे, तर ओल्या फुग्याच्या तापमापकावरून ठरते, असे त्यांनी इ.स. १९०५ मध्ये दाखवून दिले.

श्वसनाचे नियमन

इ.स. १९०५ मध्ये हॉल्डेन आणि प्रीस्टली यांचा श्वसननियमनावरील प्रबंध प्रसिद्ध झाला. फुप्फुसांच्या वायुकोशांतील हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण जवळजवळ स्थिर राखले जाते. ते सुमारे ०.२ टक्क्याने वाढले, तरी श्वसनाचे प्रमाण दुप्पट होते, असे त्यांना आढळले. श्वास घेण्याची निकड मुख्यतः कार्बन डायऑक्साइडमुळे निर्माण होते, ऑक्सिजनच्या अभावामुळे नव्हे.

या शोधाचा बंदिस्त जागांतील सुरक्षिततेशी निकटचा संबंध आहे. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला तर धाप लागून माणूस सावध होतो. हवेतील ऑक्सिजन मात्र दुसऱ्या कारणाने घटला असेल, तर धाप जवळजवळ लागत नाही आणि पूर्वसूचनेवाचून शुद्ध हरपते.

इ.स. १९११ मध्ये त्यांनी अमेरिकेतील सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या पाइक्स पीक या शिखरावर सहकाऱ्यांसह विरळ हवेतील श्वसनाचा अभ्यास केला. रक्ताने ऑक्सिजन सोडला की त्याची कार्बन डायऑक्साइड वाहण्याची क्षमता वाढते. हा परिणाम इ.स. १९१४ मध्ये क्रिस्टियान्सेन, डग्लस व हॉल्डेन यांनी वर्णिला आणि तो हॉल्डेन परिणाम या नावाने ओळखला जातो.

पाणबुड्यांसाठी कार्य

खोल पाण्यातून एकदम वर येणाऱ्या पाणबुड्यांच्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे तयार होऊन वेदना, पक्षाघात किंवा मृत्यू ओढवतो. ब्रिटिश नौदलासाठी हॉल्डेन यांनी बॉयकॉट व डॅमंट यांच्यासह बकऱ्यांवर प्रयोग केले. दाब निम्म्यावर आणला तरी बुडबुडे सहसा होत नाहीत, या निरीक्षणावरून त्यांनी टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके तयार केली. ती इ.स. १९०८ मध्ये प्रसिद्ध झाली. आजच्या कोष्टकांचा पाया त्यांतच आहे. दाबयुक्त हवेत बोगदे व पुलांचे पाये खोदणाऱ्या कामगारांनाही त्यांचा लाभ झाला.

पहिले महायुद्ध

एप्रिल, इ.स. १९१५ मध्ये जर्मन सैन्याने ईप्र येथे विषारी वायू सोडल्यानंतर हॉल्डेन यांना तातडीने फ्रान्सला पाठवण्यात आले. तो वायू क्लोरीन असल्याची त्यांनी खातरजमा केली. श्वसनरक्षक मुखवट्यांच्या विकासात त्यांचा सहभाग होता. वायुबाधित सैनिकांना मोजलेल्या प्रमाणात ऑक्सिजन देण्याचे उपकरणही त्यांनी तयार केले.

सन्मान आणि पदे

हॉल्डेन इ.स. १८९७ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. सोसायटीचे रॉयल पदक त्यांना इ.स. १९१६ मध्ये आणि कोपली पदक इ.स. १९३४ मध्ये मिळाले. इ.स. १९२८ मध्ये त्यांना कंपॅनियन ऑफ ऑनर हा किताब देण्यात आला. डॉनकास्टर येथे स्थापन होऊन पुढे बर्मिंगहॅमला हलवलेल्या खाण संशोधन प्रयोगशाळेचे ते संचालक होते. अभियंता नसूनही ते इन्स्टिट्यूशन ऑफ मायनिंग इंजिनिअर्स या संस्थेचे अध्यक्ष झाले.

मेथड्स ऑफ एअर अॅनालिसिस (१९१२), मेकॅनिझम, लाइफ अँड पर्सनॅलिटी (१९१३), रेस्पिरेशन (१९२२) आणि द फिलॉसॉफी ऑफ अ बायोलॉजिस्ट (१९३५) हे त्यांचे प्रमुख ग्रंथ होत. सजीव म्हणजे केवळ यंत्र नव्हे, ही भूमिका त्यांनी तत्त्वज्ञानपर लेखनात मांडली.

मतभेद व मर्यादा

अतिउंचीवर फुप्फुसे ऑक्सिजन सक्रियपणे रक्तात स्रवतात, हे हॉल्डेन यांचे मत ऑगस्ट क्रोग व जोसेफ बारक्रॉफ्ट यांच्या प्रयोगांनी खोडून काढले. हॉल्डेन यांनी ते अखेरपर्यंत सोडले नाही. सिलिकाविरहित कोळशाची धूळ फुप्फुसांना फारशी अपायकारक नसते, असेही ते मानत. त्यांच्या अधिकारामुळे या मताला वजन होते. त्यांच्या मृत्यूनंतर दक्षिण वेल्समधील पाहणीतून कोळशाच्या धुळीमुळे होणारा फुप्फुसरोग सिद्ध झाला आणि इ.स. १९४३ मध्ये अशा कामगारांसाठी भरपाईची योजना लागू झाली.

कुटुंब व अखेर

इ.स. १८९१ मध्ये हॉल्डेन यांचा विवाह लुईसा कॅथलीन ट्रॉटर यांच्याशी झाला. त्यांना जॉन (जे.बी.एस.) व नेओमी ही दोन अपत्ये होती. नेओमी मिचिसन या पुढे ख्यातनाम कादंबरीकार झाल्या. हॉल्डेन मुलाला लहानपणापासून खाणीत नेत असत. एकदा त्यांनी त्याला मिथेन साचलेल्या जागी उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातील भाषण म्हणावयास सांगितले. काही ओळींतच मुलगा खाली कोसळला. मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने छताजवळ साचतो आणि तळाशी श्वास घेता येतो, हे त्याला अनुभवाने कळले.

इ.स. १९३५-३६ च्या हिवाळ्यात पंच्याहत्तर वर्षांचे हॉल्डेन तेलशुद्धीकरण केंद्रांतील उष्माघाताच्या अभ्यासासाठी इराण व इराकला गेले. परतल्यावर न्यूमोनिया होऊन मार्च, इ.स. १९३६ मध्ये ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले. श्वसनाच्या अभ्यासाला आयुष्य वाहिलेल्या या शास्त्रज्ञाचा अंत श्वसनाच्याच विकाराने झाला. जे.बी.एस. हॉल्डेन इ.स. १९५७ मध्ये भारतात आले, त्यांनी भारतीय नागरिकत्व स्वीकारले आणि इ.स. १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्राच्या संदर्भात महत्त्व

विदर्भातील नागपूर, चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांत कोळशाच्या भूमिगत खाणी आहेत. भारतीय कोळसा खाण नियमांनुसार कामाच्या जागी हवेत ऑक्सिजन १९ टक्क्यांपेक्षा कमी आणि कार्बन डायऑक्साइड ०.५ टक्क्यापेक्षा अधिक असता कामा नये. हवेच्या घटकांची अशी मर्यादा ठरवून ती मोजण्याची परंपरा हॉल्डेन यांच्या पिढीच्या संशोधनातून आलेली आहे.

खाणी नसलेल्या प्रदेशातही हा विषय तितकाच निकडीचा आहे. खानदेशात, धुळे जिल्ह्यातील नरडाणा, शिंदखेडा परिसरासारख्या तापी खोऱ्यातील गावांत शेती मोठ्या प्रमाणावर विहिरींवर अवलंबून असते. उन्हाळ्यात पाणी खोल गेले की गाळ काढण्यासाठी व विहीर खोल करण्यासाठी माणसे खाली उतरतात. जमिनीवरचा पंप साधारण सात मीटरपेक्षा खोलवरचे पाणी ओढू शकत नाही. त्यामुळे डिझेल इंजिन विहिरीतच खाली बसवले जाते आणि त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड तेथेच कोंडतो. जुन्या काळी धान्य साठवण्याच्या पेवातही धान्याच्या श्वसनामुळे ऑक्सिजन संपून कार्बन डायऑक्साइड साचत असे. म्हणून पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे.

उतरण्यापूर्वी विहिरीत कंदील सोडून पाहणे, पाणी ओतून किंवा कडुनिंबाच्या डहाळ्या हलवून आतील हवा ढवळणे, या ग्रामीण प्रथा शास्त्राला धरून आहेत, तरीही त्या अपुऱ्या आहेत. कंदिलाची ज्योत ऑक्सिजनची उणीव दाखवते, कार्बन मोनॉक्साइड किंवा हायड्रोजन सल्फाइड दाखवत नाही. मिथेन असण्याचा संभव असलेल्या गटारात व मलटाकीत उघडी ज्योत स्फोटाला कारण ठरते.

गटारे व मलटाक्या साफ करताना होणारे मृत्यू भारतात अद्याप थांबलेले नाहीत. इ.स. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून माणसाला अशा जागी उतरवण्यास बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने इ.स. २०१४ मध्ये मृतांच्या कुटुंबीयांना १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि इ.स. २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख रुपये केली. आधी हवा मोजणे, ताजी हवा आत सोडणे, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून दुसरे टोक वर ठेवणे, आणि आतला माणूस कोसळला तर श्वसनयंत्रावाचून त्याच्यामागे कोणीही न उतरणे, हे आजचे नियम ईस्ट हॅम येथील पाच मृत्यूंनी शिकवलेल्या धड्याशी जुळणारे आहेत.